‘संकीर्ण’ रकान्यातला माणूस

माळरान (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, कारण अडलोय.

आमच्या गावात (नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, पण जीभ अजून वळत नाही) 26 जानेवारीला ग्रामपंचायत आणि तरुण मंडळ मिळून गावातल्या कर्त्या माणसांचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, फेटा, काचेचं चिन्ह. यंदा निवड समितीत मला ओढलंय. नावं सुचवायचा अर्ज छापील आहे आणि वर्षानुवर्षं तोच चालू आहे. रकाने असे: शैक्षणिक, वैद्यकीय, कृषी, क्रीडा, सांस्कृतिक. सगळ्यात खाली ‘संकीर्ण’.

मला ज्यांचं नाव घालायचंय त्यांचं मेडिकलचं दुकान आहे. आपण त्यांना भाऊ म्हणू. आमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल नऊ किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण गाडीच नसेल तर पास काय चाटायचा? एक गाडी सकाळी सातला, शाळा साडेदहाला. परतीची गाडी गावात येईपर्यंत अंधार. मग सातवी झाली की पोरगी घरी, आणि दोन-तीन वर्षांत स्थळं बघायला सुरुवात. मानव विकासच्या निळ्या गाड्या (शाळेतल्या मुलींसाठीच्या एसटी) आमच्या तालुक्यात नाहीत.

भाऊंना हे कळलं ते दुकानाच्या फळीवरून. सोळा-सतरा वर्षांच्या पोरींसाठी गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या येत होत्या. पोरी ओळखीच्याच, चार वर्षांपूर्वी चॉकलेट घ्यायला येणाऱ्या. ते आशाताईंशी बोलले, मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी. डॉक्टर हेडमास्तरांशी बोलले. हेडमास्तर म्हणाले, शाळा अर्धा तास पुढेमागे करतो, पण गाडीचं बघा. डेपो म्हणाला भारमान बसत नाही, म्हणजे गाडी परवडेल एवढे प्रवासी नाहीत, शिवाय तुमच्या फाट्यावर गाडी वळवायला जागा नाही आणि बाभळी टपाला घासतात. भाऊंनी बाजारकरी आणि तालुक्याला कामाला जाणाऱ्या बायका यांची यादी काढून भारमान दाखवलं. बाभळी ग्रामपंचायतीने छाटल्या. वळणाच्या जागेसाठी एका शेतकऱ्याने बांधाकडचा कोपरा सोडला, त्यासाठी भाऊ त्याच्याकडे किती वेळा चहाला गेले ते त्याच शेतकऱ्याला विचारा. दोन वर्षं लागली. आता गाडी सकाळी साडेनऊला येते आणि संध्याकाळी साडेपाचला मुलींना परत आणते.

आता गंमत बघा. शैक्षणिक रकान्यात हेडमास्तरांचं नाव आलंय, कारण एसटी. वैद्यकीयमध्ये डॉक्टर, कारण एसटी. सरपंचांचं नाव त्यांच्या पुतण्याने घातलंय, कारण अर्थात एसटी. आणि भाऊ कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. उरला संकीर्ण. तिथे मागच्या वर्षी फुकट मांडव घालून दिला म्हणून मंडपवाल्याचा सत्कार झाला होता.

काय करावं? तुमच्याकडे अशा जोडणाऱ्या माणसाचा मान कसा ठेवतात?

बोरीबाभळी

पहिला मी!

आमच्याकडे सोपं आहे. ज्याने वर्गणी जास्त दिली त्याचा सत्कार. रकान्यांची भानगडच नाही.

(बाभळी छाटल्याचा आयडीतर्फे निषेध.)

निवृत्तसिस्टर

माळरान, गोळ्यांच्या चिठ्ठ्यांवरून एसटीपर्यंत पोचलेला माणूस वाचून मला जामखेड आठवलं. तुमच्याच जिल्ह्यातलं. नोकरीच्या काळात प्रशिक्षणासाठी तिथे जाऊन आले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं 1970 मध्ये जामखेडला आलं. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेला जाऊन आलेले. दवाखाना सुरू केला तो जनावरांच्या पडक्या दवाखान्याच्या जागेत. लोकांना विचारलं काय हवं, तर कुणी औषध म्हणेना. पाणी आणि पोटाला अन्न म्हणाले. पुढे 1972 चा दुष्काळ आलाच. तेव्हा या डॉक्टरांनी कूपनलिका खोदण्याच्या कामात हात घातला. आता ‘डॉक्टरने बोअर का पाडावी’ असं कुठल्या रकान्यात लिहिणार? पण निम्मी हगवण आणि खरूज पाण्यातूनच येते हे त्यांना दिसत होतं.

त्यातली मेख अशी की कूपनलिका त्यांनी मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या. उन्हाळ्यात घसा कोरडा पडला की वरच्या आळीतल्या बाईलाही तिथेच हंडा घेऊन जावं लागे. भाषण नाही, मोर्चा नाही.

पुरुषांची तरुण शेतकरी मंडळं काढली, नंतर महिला मंडळं. गावात आधी शिकलेल्या नर्सबाई ठेवून पाहिल्या. आमच्यासारख्या. जमलं नाही. गावाला त्या परक्या वाटत आणि त्यांना गाव परकं. मग गावानेच आपल्यातली बाई निवडायची असं ठरलं. बऱ्याचशा निरक्षर, दलित वस्तीतल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांनी बाळंतपणं केली, पोरांची वजनं घेतली, कुष्ठरोग्यांना हात लावला. 1971 च्या सुमाराला तिथे हजारात पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात. पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो आकडा तिशीच्या खाली आला.

1979 मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे मिळालं. दोघांना मिळून, हे महत्त्वाचं. एरवी डॉक्टरांना हार आणि डॉक्टरीणबाईंना त्यांच्या शेजारची खुर्ची असते. पण मी तिथे गेले तेव्हा आम्हाला शिकवायला उभी राहिली ती एक नऊवारीतली आजी. सगळ्या सिस्टरा वह्या उघडून बसलेल्या आणि आजी न वाचता बोलतेय. तिचा याहून मोठा मान मी तरी पाहिला नाही.

खाडीकाठ

सिस्टरताई, __/\__

आता जरा कोकणात या. मंडणगड तालुक्यातलं वेळास. नाना फडणवीसांचं गाव म्हणून आम्ही सांगायचो, आता लोक म्हणतात कासवांचं गाव. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे समुद्रगरुडांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते. वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी काढून खाणं, विकणं हे तेव्हा कुणाला वावगं वाटत नव्हतं. आमच्या शेजारच्या म्हातारबाबांनी तर मला चव सांगितलेली आहे. 🙂

पुढे जे झालं ते एकट्या संस्थेच्या आवाक्यातलं नव्हतं. वन खात्याकडे कायदा आहे, पण रात्री तीनला किनाऱ्यावर फिरायला माणसं नाहीत. संस्थेला शास्त्र कळतं, पण ती चिपळुणात. गावाकडे पाय आहेत, पण त्यांनी फुकट का चालावं? मग घरटं शोधून अंडी हॅचरीत (ती सुरक्षित उबवायच्या कुंपणात) आणणारी गावातलीच पोरं तयार झाली, ग्रामपंचायत उभी राहिली आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक गावातल्या घरांत उतरतात, जेवायला घरचं जेवण. पैसे घरातल्या बाईच्या हातात पडायला लागले आणि अंड्यांची चोरी थांबली. कासवावरच्या प्रेमाला उकडीच्या मोदकांचा टेकू मिळाला म्हणा ना!

पण माळरान, एक अनुभवाची गोष्ट. आमच्याकडच्या एका गावात (वेळास नव्हे, नाव विचारू नका) असंच चांगलं चाललेलं काम सत्कारापायी मोडलं. एकाला चिन्ह दिलं, पेपरात फोटो आला, बाकीचे तिघे दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद. ‘ज्याचा फोटो त्याने राखण करावी.’ म्हणून विचारतो, तुमच्या मेडिकलवाल्या भाऊंना विचारलंत का?

माळरान (धागाकर्ता)

खाडीकाठ, नेमकं बोट ठेवलंत. काल रात्री दुकान बंद करायच्या वेळेला गेलो होतो. म्हणाले, “माझं नाव घालू नका. डेपोतल्या साहेबाला वाटतं गाडी त्याने सोडली. हेडमास्तरला वाटतं त्याने आणली. सरपंचाला तर खात्रीच आहे. तिघांचंही खरंय. उद्या माझ्या डोक्यावर फेटा बघितला, तर पुढच्या वेळी माझा फोन कोण उचलणार?”

वर म्हणाले, “आता शनिवारच्या सकाळच्या शाळेचं बघायचंय. त्या दिवशी गाडी जुळत नाही.”

मी गप्प घरी आलो.

हिशेबनीस

सगळे भावनेच्या भरात दिसतायत, म्हणून थोडं पाणी ओततो. जन्मभर ऑडिट केलंय.

व्यक्तीचा सत्कार करूच नका, कामाचा करा. आबांच्या, म्हणजे आर. आर. पाटलांच्या काळात 2000-01 पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. बक्षीस गावाला होतं. त्यामुळे शिक्षक, ग्रामसेवक, भजनी मंडळ, तालमीतली पोरं सगळे एकाच खराट्याला लागले. मी स्वतः पाहिलंय, तहसीलदार गटारात उतरले होते. फोटोपुरते का होईना, पण उतरले!

पुढे पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे पाणी अडवण्याच्या कामाची गावागावांतली स्पर्धा. 2016 मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते. कोरेगावातल्या वेळूने पहिला नंबर काढला, बक्षीस 50 लाख, तेही गावाला. त्या चळवळीत साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ होते, ते दातांचे डॉक्टर. दंतवैद्य गावोगाव बांधबंदिस्ती शिकवतो, हाही तुमच्या संकीर्णातलाच.

आता दुसरी बाजू. गावाला बक्षीस दिलं की ते खर्च कोण करणार यावरून भांडण. माझ्या नोकरीत अशा दोन गावांची दफ्तरं तपासली आहेत, बक्षिसाच्या रकमेतून पहिलं काय बांधलं तर कमान. म्हणून म्हणतो, तुमच्याकडे रक्कम असेल तर ती आधी कामाला बांधा, टाळ्या नंतर वाजवा.

बोरीबाभळी

कमान आणि कमानीवर सरपंचांचं नाव. ते राहिलं लिहायचं.

रानजाई

हिशेबनीस काका, थोडी असहमत.

‘काम मोठं, व्यक्ती नको’ हे वाक्य बाईच्या बाबतीत फार लवकर वापरलं जातं. पुरुष असेल तर फेटा, बाई असेल तर ‘हे सगळ्यांचं यश आहे’. माळरान, तुमच्या गोष्टीत आशाताई एका ओळीत आल्या आणि गेल्या. घरोघरी जाऊन ‘पोरगी शाळेत पाठवा’ कुणी सांगितलं? गाडी आली म्हणून आई लगेच दप्तर भरत नाही. मी शिक्षिका आहे, उंबऱ्यावर काय ऐकावं लागतं मला ठाऊक आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बघा. शाळेची पायरी न चढलेल्या. गावठी वाणांचं बियाणं घरात जपत होत्या. बायफ संस्थेची माणसं भेटली, बियाणं नीट साठवायचं कसं, नोंद ठेवायची कशी हे जुळून आलं, बचत गटाच्या बाया आल्या, बीजबँक उभी राहिली. यात संस्था आहे, शास्त्रज्ञ आहेत, गट आहे. पण पद्मश्री राहीबाईंना मिळाली, आणि तेच बरोबर झालं. ‘बायफच्या प्रकल्पाला’ मिळाली असती तर माझ्या वर्गातल्या ठाकर मुलीला त्यात स्वतःची आजी दिसली असती का?

माळरान (धागाकर्ता)

रानजाईताई, कान पकडला. आशाताईंचं नाव कुणीच सुचवलेलं नाही. मीसुद्धा नाही.

नगरीखाक्या

काय राव, जामखेड आपलं, कोंभाळणं आपलं, आन् हिवरे बाजारचं कोणीच नाव काढंना? राहीबाईंना ज्या साली पद्मश्री झाली, 2020, त्याच सालात पोपटराव पवारांनाबी झाली. एकाच जिल्ह्यात दोन!

माझं आजोळ तिकडंच हाये, म्हून सांगतो. 1989 ला पोपटराव सरपंच झाले तवा गावात काय नव्हतं. एम. कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा गडी. सरकारी मान्साची तिथं बदली म्हंजी शिक्षा, आसं म्हनायचे. आता सगळे चर, बंधारे, झाडं सांगत्यात. ती हायेतच. पण माझा मामा येगळंच सांगतो. म्हनतो, पानी आडवनं सोपं, आलेलं पानी न वापरनं आवघड. ऊस नाय, केळी नाय, शेतीला बोअर घ्यायची नाय. पाऊस किती झाला ते मोजायचं आन् ग्रामसभेत बसून ठरवायचं, यंदा काय पेरायचं. भूजलवाले, वनखातं, शेतीखातं समदे त्या सभेच्या तालावर. साहेब लोक गावाला इचारून काम करायला लागले, ही खरी कमाल.

आमच्या गावात याच्या उलट. बंधारे झाले, पानी आलं, दुसऱ्या वर्षी समद्यांनी ऊस लावला. आता परत टँकर.

सत्कार कराच. पण ग्रामसभेत करा, स्टेजवर नको. ग्रामसभेत खोटं बोललं की मागून कोणतरी खोकतंच.

पेठेतला

शहरातला म्हणून दोन पैसे टाकतो.

पुण्यात आमच्या सोसायटीचा कचरा न्यायला ज्या ताई येतात त्या ‘स्वच्छ’च्या. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, बाबा आढाव आणि एसएनडीटीच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या त्यात होत्या. पुढे कचरावेचकांना ओळखपत्रं मिळाली, महापालिकेने ती मान्य केली आणि 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून उभी राहिली. महापालिका गाड्या-साहित्य देणार, घरटी महिन्याचे पैसे आम्ही देणार, काम त्या करणार. कागदावर तीन ओळी, आणि मागे पंधरा वर्षांची खटपट.

आमच्या सोसायटीने एकदा ताईंना साडी देऊन सत्कार केला. मी सेक्रेटरी होतो, भाषणही ठोकलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “साडी चांगली आहे दादा, पण ओला-सुका वेगळा करून द्या आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर खूण करून टाका.” त्यानंतर सोसायटीत कागदी पिशव्या ठेवल्या. मला वाटतं सत्कार त्या दिवशी झाला. आदल्या दिवशी झाली ती आमची हौस.

अवांतर: सिस्टरताईंनी पाण्याचं लिहिलंय, बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळही 1972 चीच. एकाच दुष्काळात शिवाशिवीच्या एकाच दुखण्यावर दोन वेगळ्या वाटांनी उतारा शोधला गेला.

निवृत्तसिस्टर

पेठेतला, “साडी चांगली आहे दादा” वर हसले आणि मग गप्प झाले. आम्हालाही निवृत्तीला घड्याळ दिलं होतं. वॉर्डातला ऑटोक्लेव्ह मात्र मी असेपर्यंत दुरुस्त झाला नाही.

माळरान, भाऊंना विचारा त्यांना काय हवंय. चिन्हाचे पैसे किती होतात?

माळरान (धागाकर्ता)

शाल, फेटे, चिन्हं, हार आणि फ्लेक्स धरून साधारण अठरा हजार. त्यात फ्लेक्सचाच वाटा मोठा.

हिशेबनीस

आता कसं बोललात! अठरा हजारांत फाट्यावर पत्र्याची निवारा शेड होईल. पोरी उन्हात उभ्या राहत असतीलच. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर आहे का, आधी ते बघा. त्या शेतकऱ्याने कोपरा तोंडीच सोडलाय ना? लिहून घ्या. त्याचा मुलगा उद्या म्हणेल बाबांना काय कळत होतं.

खाडीकाठ

आणि शेडवर कुणाचंही नाव नको. नाहीतर बाभळीवाले बुवा कमान म्हणून चिडवतील.

बोरीबाभळी

चिडवणारच होतो. फक्त वेळापत्रक लिहा. एसटी स्टँडवरचं खरं वेळापत्रक हा राष्ट्रीय पुरस्काराचा विषय आहे.

माळरान (धागाकर्ता)

अपडेट. 27 जानेवारी.

उशीर झाला, माफी. समितीत दणकून वाद झाला. फेटे रद्द करायला सरपंच तयार नव्हते, शेवटी फेटे राहिले आणि फ्लेक्स गेला. फ्लेक्सच्या पैशात पत्रे आणि दोन लोखंडी पाइप आले. वेल्डिंगचे पैसे वेल्डरने घेतले नाहीत, वाळू सरपंचांच्या पुतण्याने टाकली. शेतकऱ्याकडून कागद झाला. हिशेबनीस काकांचे आभार, कारण शेतकऱ्याचा मुलगा सहीच्या वेळी खरंच कुरकुरला.

रकाने यंदा काढून टाकले. ग्रामसभेतच एसटीची गोष्ट सांगायची ठरली, आणि ती मुलींनी सांगायची. नववीतली एक उभी राहिली. तिने हेडमास्तर, डॉक्टर, डेपो, सरपंच, बाभळी छाटणारे, कोपरा देणारे बाबा अशी सगळी नावं घेतली. आशाताईंचं नाव घेतलं तेव्हा मागून बायांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की तिला थांबावं लागलं. आशाताई पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. फेटा त्यांनाच बांधला. गावात बाईला फेटा बांधण्याची ही पहिलीच वेळ, बांधणाऱ्याला अंबाड्यावर तो बसवता येईना, तीनदा सुटला.

मेडिकलवाल्या भाऊंचं नाव त्या पोरीने घेतलं नाही. मी चमकलो. नंतर विचारलं तर म्हणाली, “त्यांनीच मला भाषण लिहून दिलं, आणि त्यात स्वतःचं लिहिलं नव्हतं. मला वाटलं विसरले, म्हणून मी आठवण केली, तर म्हणाले पाठ झालंय ना, आता बदलू नको.”

भाऊ सभेला नव्हते. दुकान उघडं होतं. मी गेलो तर डेपोला फोन चालू होता, मला हातानेच बसा म्हणाले.

रानजाई

माळरान दादा, फेटा तीनदा सुटला हे वाचून फार बरं वाटलं. फोटो टाका. आशाताईंना विचारून मात्र.

नगरीखाक्या

खोकलं का कोन मागून?

माळरान (धागाकर्ता)

सरपंच बोलत होते तेव्हा. दोनदा.

पेठेतला

शनिवारच्या गाडीचं काय झालं?

माळरान (धागाकर्ता)

डेपो म्हणतोय शनिवारी सकाळी भारमान बसत नाही. भाऊंनी दुधाच्या संकलन केंद्रावर जाणाऱ्यांची यादी करायला घेतलीय. काल मलाही एक वही दिली, वरच्या आळीची माणसं मोजायला.